मॅचआधीचं राष्ट्रगीत आणि खेळाडूंचा निषेध: स्पर्धा भरवणाऱ्यांनी काय करायचं

ऊस तोडणीला लागला की आपल्याकडं सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस, मिरज, कडेगाव पट्ट्यात दर आठवड्याला कुठं ना कुठं कबड्डीची स्पर्धा असतेच. मंडळातली नवीन पोरं फोन करतात, मॅट कुठनं आणायची, पंच किती लागतात, बक्षीस किती ठेवू. राष्ट्रगीताचं कुणीच विचारत नाही, ते आपलं पाहुण्यांचा सत्कार झाला की साऊंडवाल्याला "लाव रे" म्हणून उरकलं जातंय. मी बारा वर्षं स्पर्धांना माईकवर असतो म्हणून जे कळलंय ते लिहितोय. आणि सोबत दुसरा विषय पण घेतोय जो कुठल्याच आयोजकाला नको असतो, म्हणजे त्याच वेळेला एखादा खेळाडू किंवा अख्खा संघ निषेध करायला उभा राहिला तर काय करायचं.

हे माझ्यासमोर झालंय, गावाचं नाव घेत नाही. मुलींची उपांत्य फेरी रात्री आठला ठरलेली, ती ऐनवेळी दुपारी दीडच्या उन्हात ढकलली कारण रात्री पाहुणे येणार होते आणि त्यांना पुरुषांची मॅच दाखवायची होती. कपडे बदलायला खोली नव्हती, पोरींनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चादर बांधून आडोसा केला. बक्षीस पुरुषांच्या निम्म्याहून कमी. त्या सात जणी दंडाला काळी फीत बांधून लायनीत आल्या, ताठ उभ्या राहिल्या, राष्ट्रगीत पण म्हटलं. संपल्या संपल्या माईकवरचा दुसरा निवेदक म्हणाला की देशाचा अपमान करणाऱ्यांना या मैदानात जागा नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, माईक माझ्याकडं यायला मिनिटभर गेलं असेल, तेवढ्यात गर्दीतनं शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी शिवी दिली. त्यांची कर्णधार फीत सोडायला लागली तर घामानं गाठ आवळलेली, सुटेना, तिनं ती दातानं ओढून काढली. ते अजून माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही. कुणाचाच अपमान केला नव्हता त्या पोरींनी. त्यांना खोली पाहिजे होती.

तर आधी राष्ट्रगीताचं बघू, कारण ते नीट घेतलं तर पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत.

पूर्ण राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे. पहिली आणि शेवटची ओळ घेऊन २० सेकंदांचं छोटं रूप पण अधिकृत आहे पण ते ठरावीक प्रसंगांना असतंय, मॅचला पूर्णच घ्यायचं. नेटवरून लाईव्ह लावू नका, एकदा आमच्याकडं मधेच जाहिरात वाजली, हजार माणूस सावधान उभं आणि स्पीकरमधनं साबणाची जाहिरात. फाईल आदल्या दिवशी उतरवून पेनड्राईव्हवर घ्या, लावून पूर्ण ऐका, आणि त्या मोबाईलला फोन येणार नाही एवढं बघा. त्याहून चांगलं म्हणजे गावातल्या शाळेच्या चार पोरींना माईकवर म्हणायला उभं करा, सगळं मैदान आपोआप म्हणायला लागतंय. रेकॉर्ड लावलं की लोक नुसते ऐकत उभे राहतात.

लोकांना आधी कळलं पाहिजे की आता राष्ट्रगीत आहे. बँडवर वाजवायचं असेल तर आधी ढोलाचा रोल द्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्यांना समजेल, असं केंद्राच्या गृहखात्याच्या आदेशातच आहे. आपल्याकडं हलगीवाला असतोच. त्याला सांगून ठेवा, दहा सेकंद हलगी कडकडली पाहिजे आणि मग एकदम बंद, त्या शांततेत राष्ट्रगीत सुरू. कुंडलसारख्या कुस्तीच्या मोठ्या मैदानात बसलेली माणसं हलगी थांबली की मान वर करतात, तीच सवय इथं कामाला येते. माईकवरून एवढंच बोला: "मंडळी, आता राष्ट्रगीत होणार आहे. सगळ्यांनी उभं राहायचंय. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसूनच सावधान. स्टॉलवाल्यांनी एक मिनिट हात थांबवा." वडापाववाल्याचा झारा आणि उसाच्या गुऱ्हाळाचं इंजिन थांबलं पाहिजे, नाहीतर मागच्या निम्म्या लोकांना काही ऐकूच येत नाही. म्हाताऱ्या माणसाला, अपंगाला, लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला हाताला धरून उठवायला पोरं पाठवू नका, हे मी बघितलंय म्हणून सांगतोय.

वेळ कुठली, तर दिवसाच्या पहिल्या मॅचला एकदा, बास. प्रत्येक मॅचला घेऊ नका. दिवसातनं नऊ वेळा घेतलं की नवव्या वेळी लोक मोबाईल बघत उभे राहतात आणि मग तुम्हीच त्यांच्यावर ओरडणार. राज्यगीत घ्यायचं असलं तर त्याचा वेळ वेगळा धरा, २०२३ ला जे रूप स्वीकारलं ते १ मिनिट ४१ सेकंदांचं आहे, आणि खेळाडू वॉर्मअप करून घामाघूम लायनीत उभे असतात, त्यांची अंगं गार पडतात. सत्कार, हार, फेटे, भाषणं सगळं त्याच्याआधी उरका. राष्ट्रगीत झालं की थेट नाणेफेक.

झेंड्याचं पण सांगतो कारण यात चांगली चांगली मंडळं चुकतात. टेबलावर, व्यासपीठाच्या पुढं तिरंगा कापड म्हणून अंथरायचा नाही. झेंड्यावर मंडळाचं नाव, प्रायोजकाचं नाव, काहीच लिहायचं नाही. जर्सी शिवायला टाकताना बघा, कमरेच्या खालच्या कपड्यावर तिरंगा चालत नाही, म्हणजे कबड्डीच्या हाफचड्डीला बाजूनं तिरंग्याची पट्टी मारतात ती नको. रुमाल आणि नॅपकिनवर पण नको. हे १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात नंतर घातलंय. २०२२ पासून सामान्य माणसाला रात्री पण झेंडा लावता येतो त्यामुळं लाईटखालच्या मॅचला अडचण नाही, फक्त फाटका मळका नको. कागदी झेंडे पोरांना वाटणार असाल तर रात्री मॅच संपल्यावर पोती घेऊन चार माणसं फिरवा आणि एकूण एक गोळा करा. सकाळी शेणामातीत पडलेले दिसले तर रात्रीच्या राष्ट्रगीताला काय अर्थ राहिला.

आता कायदा, कारण माईकवरची माणसं कायद्याचं नाव घेऊन दम देतात आणि त्यांना तो माहीत नसतो. १९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे ती जाणूनबुजून राष्ट्रगीत म्हणू न देणाऱ्याला किंवा ते चालू असताना जमावात गोंधळ घालणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तोंड उघडलं नाही म्हणून शिक्षा त्यात नाही. केरळात तीन भावंडं होती, शाळेत राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण धर्मामुळं म्हणायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं. सुप्रीम कोर्टानं १९८६ ला निकाल दिला की पोरं आदरानं उभी होती, त्यांना काढणं चूक, परत घ्या. बिजो इमॅन्युएल खटला म्हणतात त्याला. थिएटरातलं आठवत असेल, नोव्हेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानंच सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८ ला परत ऐच्छिक केलं. त्यामुळं खेळाडूंच्या लायनीवर मोबाईल धरून कुणाचे ओठ हलत नाहीत हे शूट करणारी पोरं असतात ना, त्यांना पहिल्यांदा मागं घ्या. उभं राहा म्हणून सगळ्यांना सांगा, स्वतः मोठ्यांदा म्हणा, पण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसू नका.

आता निषेधाचं. हे जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या कॉलिन कॅपरनिकचं नाव ऐकलं असेल, त्यांच्या फुटबॉलमधला, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा. २०१६ ला काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध तो राष्ट्रगीताला बाकावर बसून राहिला. आधी कुणाच्या लक्षात पण आलं नाही, ऑगस्टच्या शेवटी फोटो फिरला आणि देशभर पेटलं. मला त्यातलं पुढचं महत्त्वाचं वाटतं. नेट बॉयर म्हणून एक माजी सैनिक होता, स्वतः थोडं फुटबॉल खेळलेला, त्याला कॅपरनिकचं बसणं लागलं. त्यानं जाहीर पत्र लिहिलं, त्यात शिव्या नव्हत्या, मला काय वाटलं आणि तुझं काय म्हणणंय असं होतं. कॅपरनिकनं त्याला बोलावून घेतलं, दोघं समोरासमोर बसून बोलले, आणि बॉयरनं सुचवलं की बाकावर एकटा बसू नको, संघाबरोबर उभं राहून गुडघा टेक, सैनिक आपल्या गेलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढं टेकतात तसा. १ सप्टेंबर २०१६ ला सॅन डिएगोत त्यानं गुडघा टेकला, शेजारी त्याच्याच संघातला एरिक रीड पण टेकला आणि बॉयर तिथंच उभा होता. म्हणजे जगभर गेलेलं ते गुडघा टेकणं एका सैनिकाच्या आणि एका निषेध करणाऱ्याच्या बोलण्यातनं आलंय. पुढं २०२१ ला दुबईत पाकिस्तानविरुद्ध मॅचआधी आपल्या क्रिकेट संघानं पण गुडघा टेकला, तुम्ही टीव्हीवर बघितलाय. कॅपरनिकला मात्र २०१६ च्या सीझननंतर एकाही संघानं घेतलं नाही. बोलणं एका माणसानं केलं, लीगनं वेळेवर केलं नाही. लीगच्या कमिशनरनं आम्ही आधी ऐकायला हवं होतं असं म्हणायला जून २०२० उजाडलं.

म्हणून आयोजकांनी पहिलं काम करायचं ते आदल्या रात्रीच्या बैठकीत. संघांचे व्यवस्थापक आणि कर्णधार गट पाडायला बसतातच, तिथंच सगळ्यांसमोर विचारा की कुणाची काही तक्रार आहे का, पाणी, खोली, वेळ, पंच, बक्षीस, प्रवासखर्च. आणि दुसरा प्रश्न पण विचारा, उद्या कुणाला फीत लावायची आहे का, काही जाहीर करायचं आहे का. विचारायला घाबरू नका, विचारल्यानं कुणी फीत लावत नाही, न विचारल्यानं लावतात. निम्म्या वेळेला तक्रार तिथंच मिटते. खोलीची असली तर ग्रामपंचायतीची किंवा शाळेची किल्ली त्याच रात्री मिळते, आतून कडी लागतीय का ते स्वतः जाऊन बघा.

नाही मिटली तर मग बसून ठरवा, कुठं आणि कसं. मला सगळ्यात चांगली जागा वाटते ती राष्ट्रगीत आणि नाणेफेकीच्या मधली. राष्ट्रगीत सगळ्यांचं एकत्र होऊ द्या, आणि ते झालं की त्या संघाला मैदानाच्या मधल्या रेषेवर तीस सेकंद द्या, उभं राहतील, गुडघा टेकतील, हात वर करतील, काय ठरलंय ते. ऑलिंपिकवाल्यांनी पण २०२१ ला नियम थोडा सैल केला तो असाच, स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानात करा, पदक देताना व्यासपीठावर नको. टोकियोत महिला फुटबॉलच्या संघांनी मॅचआधी गुडघा टेकला तो त्यामुळंच. कुणी राष्ट्रगीतालाच मान खाली घालून गप्प उभं राहतो म्हणाला तर राहू द्या, त्यानं कुणाचं राष्ट्रगीत अडत नाही. १९९६ ला अमेरिकेच्या बास्केटबॉलमधल्या महमूद अब्दुल-रऊफला लीगनं राष्ट्रगीताला उभं राहत नाही म्हणून आधी निलंबित केलं आणि मग तोडगा काढला की उभं राहा पण मान खाली घालून तुझी प्रार्थना कर. हे निलंबनाआधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आणि माईकवरून तुम्हीच सांगा, लोकांना अंदाज बांधायला सोडू नका. हे वाक्य लिहून ठेवा, तसंच वाचा: "या संघाचे खेळाडू आज दंडाला काळी फीत लावून खेळणार आहेत. त्यांनी आपलं म्हणणं आयोजकांकडं लेखी दिलंय, त्यावर उद्या सकाळी दहाला बैठक आहे. सामना वेळेवर सुरू होतोय." एवढंच. तक्रार बरोबर का चूक हे माईकवरून बोलायचं नाही, टाळ्या वाजवा पण म्हणायचं नाही. देशद्रोही, गद्दार असले शब्द ज्याच्या तोंडात येतात त्याच्या हातात त्या दिवशी माईक देऊ नका, मग तो कितीही चांगला बोलणारा असो आणि कितीही मोठी वर्गणी दिलेली असो.

नियम आधी लिहा आणि सगळ्यांना एकच ठेवा. जर्सीवर, पट्टीवर, बुटावर लिहून खेळायचं असलं तर आधी विचारायचं, मग मजकूर शेतकऱ्यांचा असो, सैनिकांचा असो, नाहीतर आयोजकांविरुद्धचा असो. क्रिकेटमध्ये बघा, २०१९ च्या वर्ल्ड कपला धोनीच्या ग्लोव्हजवर सैन्यदलाचं बलिदान चिन्ह होतं, आयसीसीनं काढायला लावलं. २०२३ ला ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाच्या बुटावर सगळ्यांचे जीव सारखे अशा अर्थाचं लिहिलेलं, ते पण चालू दिलं नाही, आणि मग त्यानं काळी फीत लावली तर परवानगी घेतली नाही म्हणून ताकीद दिली. मला स्वतःला दोन्ही बाबतीत वाटलं की खेळू द्यायला पाहिजे होतं, पण निदान हे असलं चालेल आणि ते असलं नाही असं झालं नाही. गावच्या स्पर्धेत नेमकं तेच होतं, एका संघानं देशभक्तीचं काही लावलं की टाळ्या आणि दुसऱ्यानं तक्रारीची फीत लावली की शिट्ट्या.

वरनं आदेश काढून कुणाला निषेध करायला पण लावू नका. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट बोर्डानं २०२१ ला वेस्ट इंडिजविरुद्धच्या मॅचच्या दिवशीच हुकूम काढला की सगळ्यांनी गुडघा टेकायचा, त्यांच्या क्विंटन डी कॉकनं त्या मॅचमधनं माघार घेतली. पुढं त्यानं माफी मागितली आणि टेकला पण. संघातल्या एखाद्या पोराला फीत लावायची नसेल तर नको, त्याच्यावर रुसू नका.

खेळाडूंना पण चार गोष्टी सांगतो. मागणी एका ओळीत आणि कागदावर पाहिजे. "आम्हाला न्याय पाहिजे" यानं आयोजक काय करणार, "मुलींच्या मॅच दुपारी बारा ते चार नकोत आणि बंद खोली पाहिजे" असं लिहा. निषेध छोटा ठेवा, लांबून दिसेल पण मॅच अडणार नाही एवढा. २००३ ला हरारेत झिंबाब्वेचे क्रिकेटपटू अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी आपल्या देशातल्या लोकशाहीचा मृत्यू झालाय म्हणून काळ्या फिती लावल्या, सोबत लेखी निवेदन दिलं आणि मॅच खेळले. दोन दंडावरच्या दोन फिती होत्या, जगाला कळल्या. किंमत पण मोजावी लागते हे घरात बोलून घ्या, ओलोंगाला पुढं देश सोडावा लागला. झेंडा खाली टाकायचा नाही, कशावरून काही झालं तरी. २०२३ ला दिल्लीत विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे पैलवान कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांसाठी रस्त्यावर बसले, २८ मेला पोलिसांनी ओढून नेलं तेव्हा हातात तिरंगा होता, तो सोडला नाही. दोन दिवसांनी ती माणसं पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेली. आपल्या इथल्या तालमीत त्या रात्री वस्ताद गप्प बसून होते, पोरांना जोर मारा म्हणायला पण कुणी उठलं नाही. कऱ्हाडच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांनी वर्गणी काढली म्हणून, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. ते पदक काय असतंय हे या मातीला माहीत आहे.

आणि जो निषेध करत नाही पण शेजारी उभा आहे त्यानं काय करायचं, तर पीटर नॉर्मनसारखं करायचं. १९६८ ला मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात अमेरिकेचा काळा टॉमी स्मिथ पहिला, ऑस्ट्रेलियाचा गोरा नॉर्मन दुसरा, अमेरिकेचाच काळा जॉन कार्लोस तिसरा. काळ्या हातमोज्यांचा एकच जोड होता, एक हातमोजा स्मिथनं उजव्या हातात घातला आणि एक कार्लोसनं डाव्या, राष्ट्रगीत सुरू झालं आणि काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध दोघांनी मुठी वर केल्या. नॉर्मननं मूठ वर केली नाही, छातीला मानवी हक्कांच्या त्यांच्या चळवळीचा बिल्ला लावला आणि समोर बघत उभा राहिला. २००६ ला तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोसनं त्याला खांदा दिला. समोरच्या संघातल्या पोरांना हे सांगत जा. तुमची तक्रार नसली तरी त्यांच्या तीस सेकंदात शांत उभं राहा, दंड थोपटू नका, नंतर हात मिळवा आणि मग पकडीत जीव खाऊन खेळा.

मॅच झाल्यावरचं काम विसरू नका. माईकवरून दहाला बैठक म्हणालात तर दहाला खुर्च्या मांडलेल्या पाहिजेत. त्या संघाला परत जायची एसटी असेल तर बैठक आठला घ्या. काय देता येतंय, काय नाही, कधी देणार, हे कागदावर लिहून कर्णधाराच्या आणि तुमच्या सहीनं एक एक प्रत ठेवा. गर्दीतलं कुणी त्यांच्या मागं लागलं असेल तर गाडीपर्यंत मंडळाची माणसं सोबत पाठवा.

त्या फीतवाल्या पोरींच्या गावी मी पुढच्या महिन्यात गेलो होतो, त्यांच्या प्रशिक्षकांना भेटलो, माईक घ्यायला उशीर झाला म्हणून माफी मागितली. कर्णधार शेणाच्या पाट्या टाकून हात धुऊन आली, म्हणाली, सर खोलीचं बघा. आमच्या मंडळानं त्या वर्षापासून स्पर्धेच्या पत्रिकेत बक्षिसांच्या रकमेखाली दोन ओळी छापायला सुरुवात केली: मुलींचे सामने सायंकाळी सहानंतर, कपडे बदलण्यासाठी शाळेची खोली क्रमांक तीन, किल्ली संघाच्या कर्णधाराकडं राहील.